खिडकी आहे तशीच

९ जानेवारी

चि. भोंगा यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

उपराष्ट्रपतींना आता भोंगा म्हणायचं नाही, असं तुझ्या बायकोने मला फोनवर बजावलं आहे. पण ज्याने रडून आळी डोक्यावर घेतली, त्याला या वयात मी दुसरं काय म्हणू?

रेडिओवर तुमच्या वरच्या सभागृहाचं कामकाज लागतं, ते मी प्रसूतिगृहात दुपट्यांच्या घड्या घालता घालता ऐकते. सगळ्यांना खाली बसा म्हणण्यापलीकडे तू तोंड उघडत नाहीस. जन्मभर बोलत सुटलेल्या माणसाला नेमकी गप्प बसायची नोकरी मिळाली! आमच्या मदतनीस बाईंनी विचारलं, उपराष्ट्रपती करतात तरी काय. मी सांगितलं, एरवी सभापती म्हणून वर बसून भांडणं ऐकतात, आणि राष्ट्रपती आजारी पडले तर त्यांचा कारभार बघतात. त्या म्हणाल्या, म्हणजे मधल्या सुनेसारखंच. सासूबाई गावाला गेल्या की किल्ल्या हातात, परतल्या की पुन्हा ओट्यापाशी.

आपली खिडकी आठवते का रे? उघडी ठेवायची की बंद, यावरून तुम्हा चौघा धाकट्या भावंडांचं रोज वाजायचं. हात वर करायला लावले की हटकून दोन-दोन व्हायचे. मग निकाल थोरलीचा. माझा निकाल ठरलेला असायचा, खिडकी आहे तशीच राहील, उद्या पुन्हा विचारू. की तू भोकाड पसरलंसच.

इकडची बातमी बरी नाही. तपासनीस येऊन गेले. परवाना असलेली सुईण नसेल, तर वर्षअखेरीस आमचं चार खाटांचं प्रसूतिगृह बंद. एकेचाळीस वर्षं बाळंतपणं केली, पण शिकले सासूबाईंच्या हाताखाली. कागद कुठून आणू? जुन्या सुईणींची प्रत्यक्ष कामाची परीक्षा घेऊन परवाना द्यावा, असं विधेयक तुमच्याकडे येतंय म्हणतात. मागच्या आठवड्यात एक मुलगी आली, मूल पायाळू. मोठं इस्पितळ तीन तासांवर, आणि तिच्याकडे अर्धा तासही नव्हता. दोघं सुखरूप आहेत. नोंदवहीत सहीच्या जागी मी नेहमीसारखी रेघ ओढली, कारण माझी सही चालत नाही. डॉक्टर आठवड्याने येतात आणि त्या रेघेवर सही करतात.

मी काही मागत नाहीये. मनातलं तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?

तुझी ताई

२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. नुसतं मला नाही, सगळ्यांनाच मिळालं. इथे नियम असा की सभागृहापुढच्या विधेयकाबद्दल सभापतींना पत्र आलं, मग ते कुणाचंही असो, त्यावर शिक्का मारून ते विधेयकाच्या फाइलीत लावायचं. ती फाइल कुठल्याही सदस्याला वाचता येते. माझे खाजगी सचिव नियमाला इतके पक्के, की तुझं पत्र उघडून, शिक्का मारून, पान क्रमांक घालून मोकळे झाले. मला चहासोबत त्याची नक्कल मिळाली. काल एक ज्येष्ठ सदस्य मला बघून उगाच खोकले. भोंगा आता सरकारदप्तरी जमा आहे.

सचिव कानकोंडे झाले आहेत. मी म्हटलं, बरोबरच केलंत. आता या विधेयकाबद्दल मी तुला अवाक्षर लिहिणार नाही, तूही लिहू नकोस.

दुसरं सांगतो. माझ्या दालनाबाहेर आधीच्या सगळ्या उपराष्ट्रपतींच्या तसबिरी आहेत. एक शिक्षक होते, एक वकील, एकांच्या मिशा तर चौकटीत मावत नाहीत. टेबलाच्या खणात या सगळ्यांची मिळून एक वही आहे. मतं समसमान झाली तरच सभापतीला मत असतं. ज्याने ते दिलं, त्याने कारण आपल्या हाताने त्या वहीत लिहायचं. इतक्या वर्षांत नोंदी फक्त पाच. मिशावाल्यांनी दहा वर्षांत एकदाही लिहिलं नाही. ते नशीबवान म्हणायचे.

गुडघे कसे आहेत?

तुझा,
(शिक्क्यासहित) भोंगा

२ फेब्रुवारी

चि. भोंगा यास,
अनेक आशीर्वाद.

अरे, मेले मी लाजेने! त्यात तुझ्या भोकाडाचंही होतं ना? आधी कळलं असतं तर निदान अक्षर तरी नीट काढलं असतं. यापुढे फक्त गुडघे आणि हवापाणी. गुडघे दुखतात. हवा कोरडी आहे. तुझ्या सचिवांना माझा नमस्कार सांग आणि हेही पत्र त्यांना लावायचं असेल तर खुशाल लावू दे.

ताई

२७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तू रेडिओवर ऐकलंच असशील. तरी माझ्याकडून कळायला हवं, म्हणून लिहितो.

मतदानाआधी मीच उभा राहून सांगितलं, की माझी बहीण सुईण आहे, तिचं पत्र फाइलीत आहे. कुणाची हरकत असेल तर उपसभापती बसतील. दोन्हीकडचे नेते म्हणाले, लपवलेलं काही नाही, बसा. मग मतं मोजली. बाजूने छप्पन्न, विरोधात छप्पन्न. तो आकडा वाचताना मला आपली खिडकीच दिसली गं.

ताई, मी विरोधात मत दिलं.

वहीतल्या पाचही नोंदींचा अर्थ एकच आहे. सभागृहाला जे बहुमताने करता आलं नाही, ते सभापतीने एकट्याने करून टाकू नये. आहे ते राहू द्यावं, म्हणजे त्यांना पुन्हा विचार करता येतो. विधेयक पुढच्या अधिवेशनात परत आणता येईल. सहावी नोंद मी लिहिली. शेवटी एक ओळ जास्तीची घातली, की हा नियम मी इथे येण्याआधी घरीच शिकलो.

तुझ्या नोंदवहीतली रेघ डोळ्यांपुढून हलत नाही. रागाव, पण पत्र पाठव.

लोभ आहे तसाच ठेव.

तुझा भोंगा

११ मे

चि. भोंगा यास,
आशीर्वाद.

सहा आठवडे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते तुला वाचवलं नसतं. त्या दिवशी रेडिओ बंद केला आणि दुपट्यांची तीच घडी चारदा घातली. मदतनीस बाई तुला काय काय म्हणाल्या, ते फाइलीत लावण्याजोगं नाही.

नियम मला कळतो. माझाच आहे. पण आपली खिडकी दुसऱ्या दिवशी उघडता येत होती. इथे वर्षअखेरीस दाराला कुलूप लागलं तर कुणी उघडायला येणार नाही. गेल्याच आठवड्यात दोघींना मी मोठ्या इस्पितळात नाव घालायला सांगितलं. एक रडली. तिची आई माझ्या हातची आहे.

एकच विचारते, खरं सांग. हे मत नियमाने दिलंस, की लोक काय म्हणतील या भीतीने? भीतीने दिलं असशील तरी मी तुला टाकणार नाही. पण मला माहीत हवं.

ताई

१९ मे

ती. ताईस,
सा. न.

बायकोलाही सांगितलं नाही ते तुला सांगतो. बराचसा नियम होता. थोडी भीती होती. बहिणीसाठी केलं असं कुणी म्हणू नये, हे मनात आलं, नाही असं नाही. त्या खुर्चीत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. परकीचं पत्र असतं तरी मी हेच केलं असतं, असं मला वाटतं. शपथेवर सांगता येत नाही, हेच मला खातं.

विधेयक ऑगस्टमध्ये पुन्हा येतंय. याहून अधिक लिहिलं तर सचिव शिक्का काढतील.

भोंगा

२३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सत्तावन्न विरुद्ध पंचावन्न! माझ्या मताची गरजच पडली नाही.

विरोधकांत एक सदस्य आहेत, जुने सर्जन. परवान्याच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत. या वेळी तेच फिरले. नंतर दालनात आले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, मार्चमध्ये सभापती म्हणून मी विरोधात मत दिल्यावर त्यांना प्रश्न पडला, की सख्ख्या भावाने असं का केलं असेल. म्हणून फाइल काढून तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं. भोंग्याला हसले. पण पायाळू मूल अर्ध्या तासात सोडवलं आणि सहीच्या जागी रेघ ओढली, हे काही त्यांच्या गळ्याखाली उतरेना. जाताना त्यांनी विचारलं, ते मूल कसं आहे.

सचिवांनी आज पेढे वाटावेत तसा सगळ्यांना चहा पाजला. मला मात्र जरा सर्दी आहे.

लोभ आता वाढवायला हरकत नाही.

तुझा भोंगा

३० ऑगस्ट

चि. भोंगा यास,
ताईचे अनेक अनेक आशीर्वाद.

त्या सर्जनना कळव, मूल चांगलं बाळसं धरून आहे आणि गळा काढण्यात तुझ्या तोडीचं आहे. त्या दोघींना मी इस्पितळातली नावं काढायला सांगितली. सदुसष्टाव्या वर्षी परीक्षेला बसायचंय. परीक्षक बाई तिशीच्या आहेत म्हणे. मदतनीस बाई रोज माझी उजळणी घेतात आणि चुकले नाही तर त्यांनाच वाईट वाटतं.

मार्चचा राग गेला. खरं सांगायचं तर तू थोडी भीती होती असं लिहिलंस, तेव्हाच गेला होता.

आता तुझ्या सर्दीचं. तू आकडे वाचलेस ते ठणठणीत वाचलेस. विधेयक मंजूर म्हणालास, आणि मंजूर म्हणताना आवाज फाटला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. तू ज्या दिवशी जन्मलास, तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि बंद दाराला कान लावून उभी होते. आत बराच वेळ काहीच ऐकू येत नव्हतं. मग अगदी असाच फाटका आवाज आला, आणि मी अंगणभर नाचत सुटले. तेव्हाच तुझं नाव ठेवलं मी. मला सर्दी सांगतोस?

तुझी ताई