फ्री थ्रो लाइनच्या अलीकडे

३ सप्टेंबर, बुधवार
प्रतीक्षा पुन्हा अडकली. फ्री थ्रो लाइनवरून सोमवारी दहात आठ, काल नऊ, आज सात. सलग तीन दिवस आठ हवेत. म्हटलं, उद्यापासून पुन्हा पहिला दिवस.
नव्या मुलींसाठी बास्केटच्या खांबावर खडूनं परत लिहिलं. उंच मुलींच्या चार पायऱ्या: रिंगखाली, दोन्ही हातांनी. मग पाठ रिंगकडे ठेवून, वळून. मग फ्री थ्रो लाइन. शेवटी तीन पॉइंटच्या कमानीबाहेरून. जी पायरी मिळवली नाही तिथून मॅचमध्ये मारायचं नाही.
ऋतुजा कॅप्टन, काष्टीची, जीभ धारदार. म्हणाली, "मॅडम, मी आज दहात चार मारले. मला कोण विचारतंय?" सगळ्या हसल्या. बुटक्या मुलींना पायऱ्या नाहीत. कधीच नव्हत्या.

५ सप्टें., शुक्र.
प्र.चे वडील आले. पाथर्डी–नगर जीप चालवतात. इंजिन चालू ठेवूनच बोलले.
"पुण्याच्या निवडीत नाव आलं तर खेळू द्या. राज्याचं सर्टिफिकेट भरतीला उपेगी पडतं म्हनत्यात. न्हाई आलं तर पोलीस भरतीच्या अकॅडमीत घालनार. निस्ता बॉल आपटून काय व्हतंय?"
प्र. शेजारी उभी, बुटांकडे बघत. सहा फुटांची मुलगी वडिलांसमोर साडेपाचची होते.
निवड २१ला, रविवारी. तोवर तिसरी पायरी व्हायलाच हवी.

१० सप्टें., बुध.
आठ, आठ, सहा. पुन्हा पहिला दिवस. दुखरं बोट लपवत होती. टेप लावली.

१३ सप्टें., शनि.
अकोल्याच्या मुलींशी मॅच, आपल्याच कोर्टवर. एक पॉइंट मागे, हातात काही सेकंद. बॉल प्र.कडे, फ्री थ्रो लाइनवर, जवळ कुणी नाही. मी ओरडले, "मार." तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. आणि बॉल ऋतुजाला दिला. तो हिसकावला गेला, मॅचही गेली.
ऋतुजा: "अगं, रिकामी होतीस की. माझ्या अंगावर दोघी लोंबकळत होत्या."
प्र.: "माझी तिसरी झाली न्हाई."
कुणी हसलं नाही.
पंच पूर्वी निवड समितीवर होते. जाताना म्हणाले, "मुलगी चांगली आहे. पण बॉल आला की आधी तुमच्याकडे बघते." मी म्हटलं, शिस्त आहे. त्यांनी शिट्टी खिशात घातली. बोलले असते तर बरं झालं असतं.

१४ सप्टें., रवि.
ऋतुजाच्या धाकट्या बहिणीनं मोबाईलवर मॅच घेतली होती. ती दोनदा पाहिली. प्र.च्या हातात बॉल अकरा वेळा आला. नऊ वेळा मान बाकाकडे. राहिलेल्या दोन वेळा ती रिंगखाली होती, पाठ माझ्याकडे. दोन्ही बॉल रिंगमध्ये पडले.
कॉलेजात असताना संघात उंच मीच. आमचे सर म्हणायचे, उंच मुलीनं रिंगखाली राहायचं, बॉल पकडायचा आणि द्यायचा. मी कधी बाहेरून एकही मारला नाही. म्हणून तर पायऱ्या काढल्या. निदान वर जायची वाट असावी. तीस वर्षं समजूत ही की मी सरांपेक्षा बरी. आणि आता…

१६ सप्टें., मंगळ.
खांब ओल्या फडक्यानं पुसला. प्र.ला सांगितलं, वाटेल तिथून मार.
"म्हंजी तिसरी झाली का?"
"पायऱ्याच नाहीत."
"मग मारू कुठून?"
मारायला लागली. एक तर मधल्या रेषेवरून. मी खेकसले, "हा काय शॉट झाला?"
ऋतुजा हळूच, "पुसल्यात ना पायऱ्या."
ऐकू आलं. तिला मैदानाला दोन चकरा मारायला लावल्या. चुकलं माझं. तरी परत बोलावलं नाही.

१८ सप्टें., गुरु.
प्र.ला बाजूला घेतलं. चांगला शॉट म्हणजे काय, सांगितलं. पाय नीट आहेत का? तोंडासमोर कुणाचा हात आहे का? चुकला तर रिंगखाली आपलं कुणी आहे का? तिन्हींचं उत्तर तूच द्यायचं, तिथल्या तिथे. ती वही काढायला गेली. वही मी घेतली.
मग खुर्ची भिंतीकडे वळवून बसले. पूर्ण सराव. नुसते आवाज. कुणाचा बॉल, कुठून, काही कळेना. हातांनी खुर्ची घट्ट धरलेली. सवय नाही.
शेवटी ऋतुजाला विचारलं, मारते का?
"मारते. पण आधी तुमच्या पाठीकडं बघते."

२१ सप्टें., रवि.
पुणे. वडिलांनीच जीप काढली. मी आत गेले नाही, जीपमध्येच बसले. वडील आत जाऊन बाकावर बसले. प्र. दारात थांबली, मागे वळली. मी पेपर तोंडापुढे धरला.
दोन तासांनी दोघं बाहेर आले. वडीलच आधी बोलले.
"मला गेम कळत न्हाई, मॅडम. पयल्यांदा निस्ती मान फिरवत व्हती, कुनाला तरी हुडकत. मंग लागली मारायला. लांबून बी."
"पडले?"
"काई पडले, काई न्हाई. लिवनाऱ्या सायबांनी लिवलं बगा कायतरी."
प्र. मागच्या सीटवर. शिरूर मागे पडलं. मग म्हणाली, "मॅडम, कमानीभाईरून दोन मारले. एक गेला. बराबर व्हतं का?"
पाय कसे होते, समोर हात होता का, सगळं ओठांवर आलं. गिळलं.
"मी आत नव्हते."
"व्हय. पर तुमाला काय वाटतं?"
वडील म्हणाले, "आगं, बुधवारी यादी लागनार हाय, तवा कळंल."
 नगर येईपर्यंत ती आरशातून माझ्याकडे बघत होती. मी रस्त्याकडे.