वाट क्रमांक सात, स्वयंपाकघरातून

२ सप्टेंबर

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. हे रिवाजाप्रमाणे लिहिले आहेत. मनापासून द्यायचे की नाही, ते तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.

आज सकाळी मी दाढीला बसलो होतो. एक गाल झाला होता. तेवढ्यात पुढचं दार उघडून दहाबारा माणसं आत आली, हातात काठ्या, पाठीवर पिशव्या. त्यांनी पायपुसण्यावर बूट पुसले, मला सुप्रभात म्हणाली आणि स्वयंपाकघरातून सरळ चालत मागच्या दाराने डोंगरावर गेली. शेवटच्या बाईंनी जाता जाता विचारलं, की दाढी करणारे गृहस्थ रोज असतात की फक्त रविवारी. तोंडात फेस गेल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही.

दुसरी टोळी आली तेव्हा मी दारात आडवा उभा राहिलो. त्यांनी माझ्या हातात तुमच्या पर्यटन कचेरीची पुस्तिका ठेवली. ‘बसने जा, पायी फिरा’. वाट क्रमांक सात: द्राक्षमळ्यांच्या थांब्यावर उतरावे, समोरच्या हिरव्या दारातून आत शिरावे, स्वयंपाकघर ओलांडून मागच्या दाराने कड्यावर जावे, तिथून नदीचे वळण सुरेख दिसते. ठमे, हिरवं दार माझं आहे. आणि त्या पुस्तिकेतले नकाशे माझी बहीण काढते, हे सगळ्या खोऱ्यात मीच छाती फुगवून सांगत फिरलो आहे.

उभं आयुष्य या खोऱ्यात बस चालवली. एकदाही कुणाच्या स्वयंपाकघरातून नेली नाही. खुलासा कर.

तूर्तास तरी तुझाच,
दादा

६ सप्टेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग कपाळाला हात लावला. तुझ्या वरचा मळेवाला आणि खालचा मळेवाला एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे तुला माहीतच आहे. दोघांपैकी एकही आपल्या वेलींमधून वाट देईना. दोघांच्या कुंपणांना चिकटून, पण दोघांच्याही मालकीची नाही, अशी एकच जागा निघाली. ती म्हणजे तुझं घर.

वहिनी गेल्यावर तू मला काय म्हणाला होतास? द्राक्षं खुडायच्या आत घर बंद करतो आणि कायमचा तुझ्याकडे येतो. मी तुझा शब्द धरून चालले. रिकाम्या घरातून वाट नेली तर कुणाचं काय बिघडतंय, म्हणून रेघ ओढली. आमच्या छापखान्याने आजवर कधी वेळेवर काम दिलं नव्हतं. त्याला नेमका आत्ताच उत्साह आला आणि पुस्तिका लवकर बाहेर पडली. तेव्हा रेघ माझी असली तरी चूक तुझी आहे.

तू ये बघू. खोली रंगवून ठेवली आहे. रंग तुला मुळीच आवडणार नाही, त्यामुळे आल्या आल्या भांडायला विषयही तयार आहे. खरं सांगू का, रात्री एकटीने जेवायचा मला फार कंटाळा आलाय. समोर वर्तमानपत्र उभं धरते आणि त्याच्याशी जेवते. तोवर तू दाराला कडी घाल.

राग ओसरला की लोभ ठेवावा.

तुझी,
ठमी

१९ सप्टेंबर

चि. ठमीस,

अ. आ.

कडी घातली होती. त्यांनी पायरीवर बसून पुस्तिका पुन्हा वाचली, आपलंच काहीतरी चुकतंय असं ठरवलं आणि एकेक करून खिडकीतून आत आले, अत्यंत नम्रपणे. एक आजोबा चौकटीत अडकले, त्यांना मलाच ओढून घ्यावं लागलं.

मग म्हटलं, यायचंच आहे ना, तर शिस्तीत या. आता चढणं पुढच्या दाराने, उतरणं मागच्या दाराने. काल एक उंच माणूस मागच्या दारातून आत घुसत होता. त्याला डोंगराला वळसा घालून पुढून यायला लावलं. दुपार टळल्यावर आला, तोही माफी मागत. खुर्च्या दोन रांगांत मांडल्या आहेत. माझी सगळ्यात पुढे, मागच्या दाराकडे तोंड करून. आमचा कंडक्टर निवृत्त झाल्यापासून घरात बायकोला पुढे सरका, पुढे सरका म्हणत होता. ती बिचारी स्वतः त्याला माझ्याकडे आणून सोडून गेली. तो घंटी सांभाळतो. एक घंटी झाली की सूप, डबल बेल झाली की निघायचं. शेगडीजवळ उभं राहायला सक्त मनाई आहे.

काल दोन्ही मळेवाले एकदमच भांडायला आले. गर्दी इतकी, की शेजारी शेजारी बसावं लागलं. मधे कंडक्टर बसला. सूप छान आहे असं दोघांनीही त्याच्या कानात सांगितलं आणि त्याने ते एकाचं दुसऱ्याला कळवलं. जाताना दोघांनी आपापल्या वाइनची एकेक बाटली ठेवली. कुणाची आधी उघडली ते बघायला आज दोघेही पुन्हा आले होते.

असं सगळं मार्गी लागत असताना मला हलता येत नाही. यायचं पुढच्या महिन्यावर ढकलतो. तुझ्या खोलीचा रंग काही पळून जात नाही.

घाईत, पण प्रेमाने,
दादा

२५ सप्टेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तिसऱ्यांदा ढकललंस. आधी गुडघा दुखत होता, मग छप्पर गळत होतं, आता अनोळखी लोकांना सूप वाढायचं आहे. सख्ख्या बहिणीसाठी एक बस पकडवत नाही तुला? मी वर्षअखेर निवृत्त होतेय. मग कचेरीतली चार डोकीही दिसायची नाहीत. पण तुला त्याचं काय! तुझ्या रांगा भरलेल्या आहेत.

म्हणून आज साहेबांना सांगून टाकलं, की वाट सात चुकीची आहे. दुरुस्तीची चिठ्ठी छापून प्रत्येक पुस्तिकेत चिकटवली. आता लोक पुढच्या थांब्यावर उतरून नदीकाठाने जातील. तुझ्या दारावरची वाटेची पिवळी खूण पुसायला माणूस येईल, त्याला सूप देऊ नकोस. यापुढे तुझ्या घरातून माशीसुद्धा जाणार नाही. बघू आता कोणतं निमित्त काढतोस.

लोभ शिल्लक असेल तर असू दे.

ठमी

९ ऑक्टोबर

चि. ठमीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खूण पुसली गेली. इकडे सर्व ठीक आहे, शांतता आहे. तुझं म्हणणं बरोबर होतं. या वयात माणसाने आपल्या माणसांत असावं. बॅग भरली आहे. येत्या सोमवारच्या बसने येतो. तुला इकडून काही आणायचं असल्यास कळव. प्रकृतीस जप.

तुझा,
दादा

ताई, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून खाली दोन ओळी लिहितोय, रागावू नका. तुमचे दादा सकाळपासून पुढच्या खुर्चीवर बसून असतात. मागे सगळ्या खुर्च्या रिकाम्या. मी घंटी दिली तरी सूप वाढायला उठत नाहीत. काल दोन्ही दारं उघडी होती, तर मळ्यातलं एक बदक पुढून आत आलं. दादा उभे राहिले. त्याला बसायला सांगितलं, बशीत सूप दिलं, कड्यावर जायचंय का म्हणून चौकशी केली. मी डबल बेल दिली. बदक मागच्या दाराने व्यवस्थित उतरलं. मग बराच वेळ दादा त्याच दारात उभे होते. मला काही ते बघवेना.
– कंडक्टर

१२ ऑक्टोबर

दादा,

घाईत आहे, नमस्कार समजून घे. सोमवारी येऊ नकोस.

जन्मात तू मला कधी बरोबर म्हणाला नाहीस. लहानपणी घड्याळ बघून वेळ सांगितली तरी घड्याळाला चूक ठरवायचास. परवाच्या पत्रात एक शिवी नाही, एक टोमणा नाही, वर उत्तम आशीर्वाद! वाचून मला धडकीच भरली. त्याखालचं बदक वाचलं आणि मी नकाशांच्या खोलीत दार लावून रडले. मला माझा भांडकुदळ दादा हवा होता. असा शहाणा माणूस घरी आणून मी त्याच्याशी काय बोलणार?

साहेबांकडे गेले, नदीकाठ निसरडा आहे म्हणून ठोकून दिलं. त्यांनी विचारलं, घरमालकाची हरकत नाही ना? मी म्हटलं, हरकत आहे, रोज घेतो, ती घेतल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. नव्या आवृत्तीत रेघ पुन्हा तुझ्या स्वयंपाकघरातून गेली आहे, माझ्या हाताने, जाड पिवळ्या रंगात. खूण रंगवायला माणूस निघाला आहे. ही रेघ आहे तोवर तू येणार नाहीस, हे कळून ओढली आहे. माझं मी बघते. वर्तमानपत्र काही वाईट सोबती नाही.

तू होतास तसाच राहा, एवढंच मागणं.

तुझी,
ठमी

१६ ऑक्टोबर

चि. मूर्ख ठमीस,

आशीर्वाद, आणि या खेपेला मनापासून.

माणूस आला, खूण रंगवून गेला, दोनदा सूप प्यायला. आज सकाळी पहिल्याच बसला खुर्च्या कमी पडल्या. वरच्या मळेवाल्याने खालच्याला स्वतः होऊन सरकायला सांगितलं. इतक्या वर्षांनी एक शब्द बोलला, तोही माझ्या घरात! कंडक्टरला भरून आलं, त्या भरात त्याने डबल बेल दिली आणि सगळे अर्धं सूप टाकून निघाले.

आता तुझं. तुझं ‘माझं मी बघते’ हे वाक्य कंडक्टरला वाचून दाखवलं. आम्ही दोघेही तुला हसलो. अगं वेडे, सगळ्या खोऱ्याच्या रेघा तुझ्या हातात आणि तू वर्तमानपत्राबरोबर जेवतेस? मागे तुझ्याकडे आलो होतो तेव्हा मी नीट बघून ठेवलं आहे. तुझ्या घराचं पुढचं दार शहरातल्या बसस्थानकासमोर उघडतं. स्वयंपाकघरामागे लोखंडी जिना आहे, तो थेट नदीच्या पायवाटेवर उतरतो. आणखी काय हवं? निवृत्त व्हायच्या आत तेवढी एक रेघ ओढून घे. माझ्यासाठी रंगवलेल्या खोलीत दोन रांगा आरामात बसतील.

नव्या वाटेचे पहिले काही दिवस मी तिथे राहीन. नाहीतर तू मऊपणा करून लोकांना शेगडीजवळ उभं करशील. तोवर इथलं कंडक्टर बघेल. वाट सुरू झाली की तुझ्या दारातून आत शिरणारा पहिला माणूस मीच असेन. बाकीच्यांना वेळेवर जिना उतरायला लाव. मला मात्र डबल बेल द्यायची घाई करू नकोस.

तुझा,
दादा