ईशाच्या मॅक्सचं आडनाव

पेंडल हिल, रविवार, १७ ऑगस्ट

ईशाचा मॅक्स काहीतरी लपवतोय, असं मला महिनाभर वाटतंय. जावई होणार हा, आणि आडनाव पालिखाता. युक्रेनियनमध्ये अर्थ 'घर जाळ'! नेटवर शोधलं, तर तिकडेही हे आडनाव क्वचितच, आणि ऑस्ट्रेलियात हा एकटाच सापडला. मग याचे आईवडील कोण? त्यात युनिव्हर्सिटीच्या डिग्रीवर आडनाव 'पॉल'. उगाच कोण नाव बदलतं?

आज चहाला आला तेव्हा सरळ विचारलं.

"आई, सीरियसली?" ईशा ओरडलीच.

तो शांतपणे म्हणाला, "आजोबा इथे फॅक्टरीत लागले. कुणाला नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी पॉल केलं. आईबाबा अजून पॉलच आहेत. आजोबा गेल्यावर मी जुनं परत घेतलं."

"आणि घर कुणाचं जाळलं?"

"युक्रेनचे जुने लढवय्ये, कोसॅक, एकमेकांना अशी टोपणनावं ठेवायचे. बहुतेक स्वतःचंच जाळलं असेल, स्वयंपाक करताना."

हसू आलं, पण इतकं चटकन उत्तर? आधीच तयार ठेवलं होतं का? घर जाळ म्हणे!

तेवढ्यात ईशा म्हणाली, "लग्नानंतर मीही हेच लावणार. मग ऑस्ट्रेलियात या आडनावाचे आम्ही दोघं होऊ."

माझं माहेरचं आडनाव ढेकणे. शाळेत मुली अंग खाजवून दाखवायच्या. लग्नात ते मी आनंदाने टाकलं. बाबांना तेव्हा काय वाटलं असेल, हे मी कधी विचारलंच नाही.