ऑर्विलनं दिलेला गिअरबॉक्स

मंगळवार, ५ जुलै

काल चार जुलैच्या मिरवणुकीत गाडी बसली. अख्ख्या गावादेखत! एकोणसत्तरची गाडी, आठ सिलिंडरचं इंजिन नुसतं गरजतंय — आणि चाकं जागची हलत नाहीत. मागच्या सीटवर शाळेच्या बँडची मास्तरीण हात हलवत बसली होती, तिचा हात तसाच वर राहिला. शेवटी अग्निशामक दलाच्या चौघांनी ढकलत नेली. कॉफीच्या टोळीतला मर्ल फुटपाथवरून ओरडला, "नॉर्बर्ट, घोडा जुंप रे!" हसा लेको, हसा.

संध्याकाळी गॅरेजवाला ऑर्विल आला. तेलाची पट्टी बाहेर ओढून वास घेतला. लाल हवं ते तेल काळं, आणि वास करपलेल्या पावाचा. म्हणाला, "गिअरबॉक्स मेला. सत्तेचाळीस वर्षं राबला बिचारा. तोंड पाडू नकोस. याच जातीचा एक माझ्याकडे पडलाय, आतलं सगळं नवं घालून देतो. वीस ऑगस्टला तू नि मी वूडवर्डवर!"

एकवीस वर्षं झाली, वूडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या फेरीत माझ्या शेजारच्या सीटवर ऑर्विलच असतो. ती सीट त्याच्या मापानं खचलीय.

शनिवार, ९ जुलै

त्याच्या गॅरेजात डोकावलो. टेबलभर सुटे भाग, स्वच्छ धुतलेले. केंटकीकडच्या लोकांसारखा हातातल्या भागाशीच बोलत असतो. "ये बाळा, बस इथं." चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस! कॉफी ओतताना थोडी सांडली. मी बघितलं नाही असं केलं.

शनिवार, १६ जुलै

गिअरबॉक्स आला! काय देखणा! नुसता बघत बसावा.

ऑर्विलची पाठ धरलीय. गुरुवारी डॉक्टर. "पुढच्या शनिवारी येतो, मिळून बसवू. मी आल्याशिवाय हात लावू नकोस." आता आठवडाभर थांबायचं? एकतीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात दरवाजे बसवले मी, लहान पोर आहे का?

रविवार, १७ जुलै

जुना उतरवला. तीन तास. पाठ मोडली.

बुधवार, २० जुलै

बसवला!! ऑर्विलशिवाय! बायकोनं, लोरेननं, टॉर्च धरला होता एवढंच.

गिअरबॉक्सच्या तोंडाशी कन्व्हर्टर असतो, घमेल्याएवढा वाटोळा डबा. तो फिरवत फिरवत आत ढकलायचा. खट् झालं, परत खट् झालं, गेला आत. मग अख्खं धूड जॅकवर चढवून इंजिनाला टेकवलं. तर बोटभर फट! काही केल्या जाईना. लोरेन म्हणे, "ऑर्विलला फोन कर." ऑर्विल, ऑर्विल! घरचा मालक मी की ऑर्विल? चारी बाजूंनी बोल्ट घातले, लांब पाना लावला, आणि ओढून घेतलं. कुरकुरत आलं, पण आलं.

हात अजून दुखतायत. झकास वाटतंय.

गुरुवार, २१ जुलै

सकाळी चालू केली. किंचाळली! मग तसंच रडत राहिली. पुढचा गिअर टाका, मागचा टाका — ढिम्म. खाली वाकून बघतो तर लाल तेलाचं थारोळं.

सगळं नवं घालून देतो म्हणे!

शनिवार, २३ जुलै

ऑर्विल आला. वाकता येत नव्हतं तरी गाडीखाली सरकला. मग विचारतो काय, "कन्व्हर्टर घालताना तीनदा खट् झालं ना? नक्की?"

माल याचा बिघडलेला आणि उलटतपासणी माझी! म्हणालो, "झालं की तीनदा."

"मोजलंस?"

"अरे, झालं म्हणतो ना!"

आता दोन काय नि तीन काय! मोजत बसलो होतो का मी? तो म्हणाला, "बरं गड्या. तू म्हणतोस तर झालं." लोरेन माझ्याकडे बघत होती. मी गाडीकडे बघत होतो.

दुपारी मिळून उतरवला आणि त्याच्या गाडीत चढवला. जाताना हातात हात दिला नाही मी.

मंगळवार, २६ जुलै

ऑर्विलचा फोन. आतला पंप फुटलाय. तेल फिरवणारा पंप, तोच गेला तर गाडी हलणार कशी! म्हणाला, "असा पंप फुटतो तो दोनच कारणांनी. कन्व्हर्टर पुरता आत गेला नसेल तर, नाहीतर पंप मी वाकडा बसवला असेल तर. तुझं तीनदा खट् झालं म्हणजे... माझंच चुकलं, नॉर्बर्ट. हात पहिल्यासारखे राहिले नाहीत. दुसरा करून देतो."

आपल्या तोंडानं कबूल केलं!

मग आधी का नाही सांगितलं, की हात राहिले नाहीत? चाळीस वर्षांची दोस्ती. लोरेन दवाखान्यात होती तेव्हा याची बायको नेटी महिनाभर आम्हाला जेवण आणून द्यायची. या माणसाच्या शब्दावर मी डोळे मिटून चालायचो. आणि यानं बिघडलेल्या हातांनी माझ्या गाडीशी खेळ केला, वर हसत हसत! केसानं गळा कापला.

म्हणालो, "नको. एकदा पोळलो तेवढं पुरे." मग म्हणाला, "बरं."

बुधवार, २७ जुलै

कॉफीच्या टेबलावर टोळीला सगळं सांगून टाकलं. लपवायचं कशाला? मर्ल म्हणाला, "मलाही वाटतच होतं. कप धरतो तेव्हा कप नाचतो त्याचा." मर्लचा जुना ट्रक ऑर्विलकडे उभा होता, तो उद्या काढून नेणार. आणखी दोघे म्हणाले, आम्हीही विचार करू.

घरी सांगितलं तर लोरेन भांडी आपटायला लागली. "टेबलावर सांगितलंस? सगळ्यांसमोर?" खरं आहे ते सांगितलं! त्यावर म्हणाली, "हो का? खरं?" आणि मागच्या अंगणात निघून गेली.

सोमवार, १ ऑगस्ट

टोलेडो शहरातला एक गिअरबॉक्सवाला सापडला. जाहिरात बघून फोन केला. ओळख ना पाळख, तेच बरं. ओळखीचे कसे निघतात ते बघितलं. दोन आठवड्यांत देतो म्हणाला.

गुरुवार, ४ ऑगस्ट

ऑर्विल दारात. हातात कागदी पिशवी, त्याच्या बागेतले टोमॅटो. मी पडद्याआडून बघितलं. दार उघडलं नाही. दोनदा बेल वाजवली, पिशवी पायरीवर ठेवली, कठड्याला धरून हळूहळू उतरला.

लोरेननं पिशवी आत आणली. जेवताना माझ्या ताटात टोमॅटो वाढले नाहीत. म्हणाली, "तुला कशाला? ते त्याच हातांनी लावलेत."

मला राग आला, आणि वाईटही वाटलं. पण गेलेली वस्तू माझी, वाईट मलाच का वाटावं?

मंगळवार, ९ ऑगस्ट

रात्री स्वप्नात काहीतरी खडखडत होतं. काय ते आठवत नाही.

शुक्रवार, १२ ऑगस्ट

मर्लनं बातमी आणली. ऑर्विलनं गॅरेजची पाटी उतरवली. अठ्ठेचाळीस वर्षांची पाटी. बुधवारी हत्यारं विकायला काढणार. मर्लनं विचारलं त्याला, एवढी काय घाई? तर म्हणाला, "नॉर्बर्टच्या गाडीला दगा दिला या हातांनी. उद्या कुणाच्या ब्रेकला देतील. माणूस मरेल रे."

मग मर्लच म्हणाला, "वेळेवर कळलं म्हणायचं. तुझ्यामुळे."

हो. बरंच झालं की. कुणीतरी बोलायला हवंच होतं. कॉफी कडू होती आज, अर्धी टाकली.

सोमवार, १५ ऑगस्ट

टोलेडोचा गिअरबॉक्स आला. तारेनं एक चिठ्ठी बांधलेली. असली चिठ्ठी ऑर्विलच्यावरही होती, मी न वाचताच फेकली होती. हीही फेकणार होतो.

लोरेननं हातातून घेतली, चष्मा लावला, वाचली, घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवली. "काय लिहिलंय?" "तुला काय गरज? तुला येतं ना सगळं."

बुधवार, १७ ऑगस्ट

ऑर्विलकडे हत्यारं विकली गेली. मी गेलो नाही. लोरेन गेली. येताना डोळे लाल. नेटीनं तिला कॉफी दिली म्हणे, माझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ऑर्विल खुर्चीवर बसून लोक पाने उचलून नेताना बघत होता. एकानं पाना चालतो का विचारलं, तर म्हणाला, "पाना चांगलाय. दोष पान्याचा नाही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १९ ऑगस्ट

गिअरबॉक्स बसवला. लोरेन टॉर्च धरून होती, आणि मी कन्व्हर्टर ढकलायला लागलो तशी मोठ्यानं मोजायला लागली.

"एक."

"दोन."

मी थांबलो. गेला होता की आत! मागच्या वेळी इथंच थांबलो होतो. तिनं टॉर्च हलवला नाही. म्हणाली, "ढकल अजून."

फिरवला, ढकलला. खट्. बोटभर आणखी आत गेला.

"तीन," म्हणाली, आणि टॉर्च जमिनीवर ठेवून घरात गेली.

इंजिनाला टेकवला तर फट नाही. बोल्ट बोटांनीच आत गेले, लांब पाना लागलाच नाही.

शनिवार, २० ऑगस्ट

गाडी लोण्यासारखी चालते. वूडवर्डला गेलो नाही. सकाळपासून ऑर्विलच्या घरासमोर गाडीत बसलोय, वही मांडीवर. शेजारची सीट रिकामी.

मी त्याला तीन सांगितलं होतं. त्यानं ते खरं मानलं, आणि स्वतःचे हात खोटे ठरवले.

दार उघडलंय. बाहेर येतोय तो.