रजेवरचा पहिला क्रमांक

सातारा,
मंगळवार, १० जानेवारी १९९५

ती. दादास चंद्राचा नमस्कार.

परवा रविवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता अरुणोदय युवक मंडळाच्या पटांगणात तुला श्रद्धांजली वाहण्यात आली. तू सांगलीत जिवंत आहेस हे मला ठाऊक असल्यामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले. तुझी प्रकृती कशी आहे? एरवी हे रिवाज म्हणून विचारते, या वेळी चार माणसांना उत्तर द्यायचे आहे. वहिनींच्या गुडघ्याचे काय झाले तेही कळव. माझे ठीक आहे. (फोन केला असता, पण फोनवर तू "बघू" म्हणतोस. कागदाला तसे म्हणता येत नाही.)

झाले ते असे. मी दोन दिवस शिरवळला साखरपुड्यासाठी गेले होते आणि यल्लाप्पा मोतीबिंदू काढायला मिरजेला. रोज संध्याकाळी हजेरीचा पट उघडला की पहिले नाव तुझे येते, आणि पटांगण झाडून भिंतीला टेकून बसलेला यल्लाप्पा "रजेवर हाय" म्हणून ओ देतो. सत्तावीस वर्षे हे असेच चालले आहे. पोरांना त्याचे काही वाटत नाही. देवळात घंटा वाजावी तसे ते ऐकतात. रविवारी पट दीक्षाने घेतला. (तू ज्याला लेझीम शिकवलीस त्या बुद्धभूषणची ही थोरली. अकरावीत आहे. नियम पाठ, आणि पाळतेही, त्यामुळेच घोटाळा झाला.) तिने तुझे नाव तीनदा पुकारले. ओ आली नाही. तीन हाकांना ओ आली नाही तर दोघांनी घरी जाऊन चौकशी करावी हा नियम तूच घातलेला, म्हणून दोन पोरे पटावरच्या पत्त्यावर गेली. तिथे आता झेरॉक्सचे दुकान आहे. दुकानदार म्हणाला, असा कुणी माणूस इथे नाही. पोरे परत आली आणि सगळ्यांनी मिळून मंडळाच्या खोलीतल्या तसबिरी पाहिल्या. खोलीत चार तसबिरी आहेत. तिघांना हार आहेत, कारण ते तिघे खरोखरच गेले. चौथी तुझी, बिनहाराची, शहाऐंशीपासून तिथेच आहे. (ती मीच लावली. जागा रिकामी होती.) पोरांना वाटले, हार घालायचा राहून गेला.

पुढचे त्यांनी अतिशय शिस्तीत केले. झेंडूचा हार आणला, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले, आणि फाटकावरच्या फळ्यावर दीक्षाने "मंडळाचे संस्थापक कै. हंबीरराव यांना भावपूर्ण श्रद्धांजली" असे लिहिले. अक्षर सुरेख होते. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मी आठच्या एसटीने उतरले, तर माझ्या पायरीवर समोरच्या बनाबाई पिठलं-भाकरी झाकून बसलेल्या. म्हणाल्या, "बाई, दोन घास खावा. लय चांगला माणूस हुता." मी विचारले, तुम्ही त्याला कधी पाहिले होते? म्हणाल्या, "न्हाई. पर रजेवर हाय म्हून रोज ऐकत हुते न्हवं." तू जिवंत असल्याचे मी त्यांना दोनदा सांगितले. त्या म्हणाल्या, "मग भाकरी परत न्यू का?" मी ठेवून घेतली. दिवसभर पोटात काही नव्हते. पिठलं चांगले झाले होते.

सोमवारी मी सगळ्यांना रांगेत उभे करून खडसावले. दीक्षाने मान खाली घातली नाही. "बाई, ते जिवंत आहेत तर येत का नाहीत?" मी म्हटले, नोकरी असते. "सत्तावीस वर्षं? सांगलीची एसटी तासातासाला आहे की." मग म्हणाली, नाव कमी करू का? मी म्हटले, या मंडळात कुणाचेही नाव पाठीमागे कमी होत नाही. ज्याला जायचे त्याने रांगेत उभे राहावे, "हजर" म्हणावे, "मी जातो" म्हणावे आणि पटांगणाच्या कडेची पांढऱ्या फक्कीची रेघ ओलांडून पलीकडे जावे. सासरी जाणाऱ्या मुलींनी हे केले, पलटणीत गेलेल्यांनी केले. दीक्षाच्या बापाने केले, तेव्हा तो रडला होता. (हे तिला सांगितले नाही.) तर ती म्हणाली, "म्हणजे सगळे सांगून गेले. ते न सांगता गेले. आणि तुम्ही गेलाच नाहीत."

मी म्हटले, हजेरीला उशीर होतो आहे.

दादा, कोयनेच्या भूकंपानंतर तू मंडळाची तुकडी घेऊन कोयनानगरला गेलास. अकरा दिवस ढिगारे उपसलेस. परत आलास तो पटांगणात उतरला नाहीस. तिथे काय पाहिलेस ते तू सांगितले नाहीस, मीही विचारले नाही. आठवड्याने नोकरी धरून सांगलीला निघालास, आणि फाटकाबाहेरूनच म्हणालास, "चंद्रे, माझी रजा लाव." किती दिवसांची, हे विचारायला हवे होते. ती चूक माझी. नोंदवून ठेवते.

तू यावेस अशी माझी अपेक्षा नाही. पट स्वच्छ करायचा आहे, एवढेच. "नाव कमी करावे" अशा दोन ओळी सहीनिशी पाठव, म्हणजे काम झाले. वहिनींना नमस्कार.

तुझी बहीण,
चंद्रा

ता. क. दोन ओळी पाठवू नकोस. नियमात बसत नाहीत. येत्या रविवारी सव्वासहाला ये आणि रांगेत उभा राहा. त्या दिवशी संक्रांतीची कर आहे, करीला प्रवास करू नये, असे वहिनी म्हणतील. श्रद्धांजली झालेल्या माणसाला कसली कर? कोयनेचे कुणी काही विचारणार नाही. फक्त ओ दे. यल्लाप्पाची पट्टी शुक्रवारी निघते. त्याला तू दिसायला हवास.

ता. क. २. पहिला क्रमांक आल्याशिवाय दुसरा, म्हणजे मी, जाणार कसा, असे मी "आता थांबा" म्हणणाऱ्यांना अकरा वर्षे सांगत आले. ते निमित्त होते. आज संध्याकाळी मी रांगेत उभी राहिले. "हजर" म्हटले, "मी जाते" म्हटले आणि रेघ ओलांडली. पोरे हसली नाहीत. शिटीची तू विणलेली दोरी कुजली होती, पोरांनी नवी घातली. जुनी या पाकिटात आहे.

आज कु. दीक्षा बुद्धभूषण हिच्या ताब्यात दिले, त्याची नोंद:
खोलीची किल्ली, एक.
शिटी, एक, जुन्या दोरीशिवाय.
लेझीम, चोवीस. पैकी तीन खिळखिळ्या.
हजेरीपट, १९५८ पासून, अडतीस.
तसबिरी, तीन. चौथी उतरवली, हार काढला.
सदस्य क्रमांक दोन: कमी केला.
सदस्य क्रमांक एक: ताब्यात द्यायचा राहिला.