चाहत्याची बायको

सनद, बहरीन

प्रिय संघप्रिया,

सप्रेम जयभीम. हे पत्र कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर लिहिलं असतं तर तू जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून मोकळी झाली असतीस. आमच्या इथला उज्ज्वल पुढच्या आठवड्यात सुट्टीवर नागपूरला येतो आहे. तो कामठीला येऊन हे तुझ्या हातात देईल. पूर्ण वाच. राग आला तर येऊ दे. मला आलेलाच आहे.

आधी खुशाली. मी लॅबमध्ये पुन्हा रुजू झाले. व्हिसा माझ्या स्वतःच्या नोकरीवर आहे, त्यामुळे हरिदास गेल्यावर इथून निघावं लागलं नाही. कस्तुरीची बारावी इथेच पूर्ण होईल. सलमाबादच्या वर्कशॉपमधून हरिदासची हत्यारं एका खोक्यात भरून आली, ती अजून दाराशीच आहेत. सगळ्यांसमोर मी त्याला 'हे' म्हणायचे, पण तुला लिहिताना हरिदासच लिहिते. तुझ्यापासून काय लपवायचं, असं इतकी वर्षं वाटत होतं.

आम्ही त्याला घेऊन कामठीला आलो तेव्हा तू दोन दिवस माझ्याजवळ बसलीस, ते मी विसरलेले नाही. पण त्याच दिवसांत कॉलेजच्या ग्रुपवर काय काय आलं तेही तुला माहीत आहे, कारण ग्रुप तूच चालवतेस. पिवळ्यांचा कट्टर चाहता गेला. समुद्रापलीकडून कॉलेजच्या फुटबॉल टीमवर जीव लावणारा माणूस गेला. आपल्या पिवळ्या जर्सीतला त्याचा फोटो सगळ्यांनी लावला. इथपर्यंत मला बरंच वाटलं. मग लोक त्याचे जुने मेसेज शोधून टाकायला लागले, 'दादांचं विश्लेषण' म्हणून. इथे सनदला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता. वंदना झाल्यावर उज्ज्वलने उभं राहून ते मेसेज वाचून दाखवले. 'आपला लेफ्ट बॅक पुढे धावत जातो आणि परत येताना बाजारातून आल्यासारखा येतो. त्याच्या हातात पिशवी तरी द्या.' लोक हसले आणि मग डोळे पुसायला लागले. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, किती बारीक नजर होती हो भाऊंची. मी मान हलवली.

ते वाक्य मी लिहिलं होतं, संघप्रिया. लॅबमध्ये मशीनवर रक्ताच्या नळ्या फिरत होत्या आणि मी फोन रजिस्टरला टेकवून मॅच बघत होते. जेवढं वाचलं गेलं तेवढं सगळं माझं होतं. माझीच वाक्यं माझ्या नवऱ्याला श्रद्धांजली म्हणून मला ऐकवली आणि मी पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसून ती ऐकली.

यात उज्ज्वलचा दोष नाही, त्याला काय माहीत. पण तुला माहीत होतं. ग्रुप निघाला तेव्हा एका घरातून एकच नंबर घ्यायचं तुम्ही ठरवलंत, माणसं फार होतात म्हणून. बरं, मग आमच्या घरातून कोणाचा घ्यायचा? त्या कॉलेजात शिकले मी. हरिदास भंडाऱ्याचा, आयटीआयचा. तरी नंबर त्याचा घेतलात, जावई म्हणून. मी चालवून घेतलं. आमचा तो फोन स्वयंपाकघरात नाहीतर माझ्या पर्समध्येच असायचा. कंप्रेसर खोलणारी त्याची बोटं त्या बारीक अक्षरांवर चालायची नाहीत. तो म्हणायचा, लिही तूच, तुलेच समजते. मी लिहायचे, खाली त्याचं नाव यायचं. घरातलंच नाव आहे, असं मला वाटायचं.

आणि मग हरिदास गेल्यावरची सेमीफायनल. त्या दिवशी मी एकटीने मॅच लावली. आपला दहा नंबर डावा पाय ओढत होता, पहिल्या मिनिटापासून दिसत होतं. नेहमीच्या सवयीने मी ग्रुपवर लिहिलं, दहा नंबरला बाहेर घ्या, त्याचा पाय दुखतो आहे, पोराचं वर्ष जाईल. कोणीतरी विचारलं, दादांचा नंबर कोण वापरतं आहे? दुसऱ्याने लिहिलं, अंगावर काटा आला. मी खुलासा लिहायला घेतला तोपर्यंत तू नंबर काढून टाकलास. आणि मला वेगळा मेसेज केलास. मी तो पुन्हा पुन्हा वाचला आहे. 'वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. दादांच्या नंबरवरून मेसेज आला की मुलं दचकतात. आता तुम्ही आराम करा, मॅचचं टेन्शन घेऊ नका.'

वहिनी? मी तुझी वहिनी कधीपासून झाले? आणि हे अहोजाहो कुठून आलं? हरिदास जिवंत असताना मी तुझी पुष्पी होते, तो गेल्यावर माझं नावही गेलं का? कस्तुरीला सांगितलं तर ती म्हणाली, मॉम, इट्स जस्ट अ ग्रुप. तिचं बरोबर आहे, तिच्यासाठी तो नुसता ग्रुप आहे. तुझ्यासाठीही तसाच आहे का, हे मला विचारायचं आहे.

कारण मला तर आठवतं की तुझ्या सायकलवर मागे बसून मी छावणीच्या मैदानावर यायचे. माझा दादा टीमच्या बचावात स्टॉपर होता, तेव्हापासून मला ते वेड. मुलींपैकी आपण दोघीच. पायऱ्यांवरची पोरं विचारायची, काय वं, कोणाले पाहाले आल्या? तू त्यांच्यात बसलेल्या आपल्या मुख्य फॉरवर्डला सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, तुले नाही पाहाले आलो बे, बॉल पाहाले आलो, तुह्यापाशी तं तो येतच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सराव वाढवला. विरुद्ध टीमचा कीपर नेहमी उजवीकडेच झेपावतो हे मी तुझ्या कानात सांगितलं होतं. टीमच्या सरांना जाऊन सांगण्याची माझ्यात हिंमत नव्हती. तू हाफटाइममध्ये सरळ सरांपुढे उभी राहिलीस आणि म्हणालीस, पुष्पी सांगते आहे, हिचं चुकत नाही. त्या वर्षी शील्ड आपल्याकडे आलं.

लग्नानंतर हरिदासला पहिल्यांदा मैदानावर मीच नेलं. तेव्हा तू होतीस तिथे. त्याने विचारलं होतं, या गोलकीपरचा शर्ट वेगळा का, पिवळा धुवायला टाकला का? तू इतकी हसलीस की तो बिचारा चहा आणायला निघून गेला. आणि आता तूच ग्रुपवर लिहितेस, 'दादांनी टीमवर इतकं प्रेम केलं की त्यांच्यामुळे पुष्पा वहिनींनाही मॅचची गोडी लागली.' हे कोणी नवख्याने लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं.

हे खरं की ही उलटी गोष्ट आधी त्याने सुरू केली. दर हिवाळ्यात बुदैयाकडच्या एका मळ्यावर आमच्या मंडळाचं एकत्र जेवण असतं. पुरुष निखाऱ्याभोवती आणि बायका काकड्या चिरायला. एका वर्षी तिथे तो मोठ्याने म्हणाला, हिला फुटबॉल मी शिकवला, आधी बॉल गोल असतो एवढंच माहीत होतं हिला. सगळे हसले. मी काकडी चिरत राहिले. परत येताना गाडीत मी गप्प होते, तर म्हणतो, अवं, गंमत केली ना. पुढच्या वर्षी पुन्हा तीच गंमत. नंतर लोकच त्याला ती सांगायला लावायचे, आणि शेवटी शेवटी मला वाटतं त्याचाही त्यावर विश्वास बसला होता. त्याच्यावरही माझा राग आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मग कोणावर रागवायचं? तो तर काढून ठेवलेल्या चपलांसारखं सगळं इथेच टाकून गेला.

पण एक गोष्ट तुला सांगायला हवी, ती फक्त मला ठाऊक आहे. मला ओरडता येत नाही. लहानपणापासून नाही. आमच्या घरी मॅच लागली की मी हळूच म्हणायचे, ऑफसाइड, आणि तो सोफ्यावरून उठून बोंब मारायचा. मी म्हणायचे, आता गोल होतो बघ, आणि बॉल जाळीत जायच्या आधीच तो नाचायला लागायचा. वरच्या मजल्यावरची हमीदा दुसऱ्या दिवशी जिन्यात मला थांबवून विचारायची, कल गोल? मबरूक! म्हणजे अभिनंदन. मी बघायचे आणि तो ओरडायचा. आमचा संसार असाच होता. बाहेरच्यांना फक्त ओरडणारा दिसला, यात मला आश्चर्य नाही. पण तुला बघणारीही दिसायला हवी होती.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात लीगची मॅच होती. त्याच्या नाकावर ऑक्सिजन होता आणि फोन मी हातात धरला होता. आबिदा नावाची नर्स सलाइन बदलायला आली. तिने विचारलं, अंकल, आपकी टीम कौन सी है? त्याने मास्क बाजूला केला. म्हणाला, मेरी नहीं सिस्टर, इनकी है. मैं तो टीम का दामाद हूँ, इनकी तरफ से चिल्लाता हूँ बस. ती हसली, मास्क परत लावला आणि बोलू नका म्हणाली. एवढ्या वर्षांत चारचौघांत त्याने हे पहिल्यांदा कबूल केलं, आणि ते एका अनोळखी मुलीसमोर, जिला फुटबॉलमधलं काही कळत नाही. मळ्यावर म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? त्याचा हात धरून मॅच बघत राहिले. बरोबरी झाली.

आता तुमच्या पत्रिकेबद्दल. कॉलेजच्या स्मृती सामन्यांच्या फायनलला या वर्षीपासून 'कालकथित हरिदास रामटेके उत्कृष्ट प्रेक्षक पुरस्कार' देणार, तो 'कालकथितांच्या पत्नी श्रीमती पुष्पलता' यांच्या हस्ते. मी स्टेजवर बसायचं, शाल घ्यायची आणि दादांच्या फुटबॉलप्रेमावर दोन शब्द बोलायचे. पत्रिका छापण्याआधी मला कोणी विचारलंही नाही. पुरस्कार त्याच्या नावाने जरूर द्या, पायऱ्यांवर त्याच्याइतकं ओरडणारा दुसरा कोणी नव्हता. पण मी तो देणार नाही. स्टेज मैदानाच्या एका कोपऱ्यात असतं. तिथून लांबचा गोलपोस्ट मंडपाच्या खांबाआड जातो, मी माझ्या भावाच्या सत्काराला एकदा तिथे बसले होते. पाहुण्यांना मॅच दिसायची गरज नसते म्हणून ती जागा. मला मॅच बघायची आहे. नवरा वारल्यावर बाईने मॅच बघणं बरं दिसतं का, असं कोणी म्हणालं तर त्याला सांग की तिने नवऱ्याच्या आधीपासून बघितली आहे. हे सांगायचं काम तुझं आहे, तू कॉलेजात शिकवतेस, माईक तुझ्या हातात असतो. आणि माझा स्वतःचा नंबर या कागदाच्या मागे लिहिला आहे. तो ग्रुपमध्ये घे, माझ्या नावाने. रामटेके वहिनी नको, बहरीनच्या वहिनी तर मुळीच नको. पुष्पलता एवढं पुरे.

रजा मंजूर झाली आहे आणि तिकीटही काढलं आहे. पण एवढं सगळं ग्रुपसाठी लिहिलं असं समजू नकोस. सेमीफायनलमध्ये तू नंबर काढल्यावर मी तो फोन बाजूला ठेवला आणि उरलेली मॅच कस्तुरीच्या फोनवर बघितली. शेवटच्या मिनिटांत आपण गोल केला, जिंकलो. फोनमधून तिकडचा सगळा गोंधळ ऐकू येत होता आणि आमच्या खोलीत काहीच नव्हतं. मी तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. कस्तुरी घाबरली, मला हलवून म्हणाली, मॉम, से समथिंग! तेव्हापासून मी मॅच लावलेली नाही. मला भीती वाटते की आता मला नुसतं दिसत राहील आणि आयुष्यभर दिसतच राहील. तुझ्यावर मला इतका राग आहे, आणि तरी ही गोष्ट सांगायला मला तुझ्याशिवाय कोणी सुचलं नाही, याचाही राग आहे. फायनलच्या दिवशी पाहुण्यांचं काय करायचं ते कोणावरही सोपव आणि गोलपोस्टच्या मागच्या पायऱ्यांवर माझ्या शेजारी येऊन बस. मी सांगेन, तू ओरड. आणि गोल झाला तर मी रडते का म्हणून माझ्याकडे वळून बघू नकोस. मॅच बघ.

अजून तरी तुझीच,
पुष्पलता