आप्पा आत, मी बाहेर

तीर्थरूप सारजाअक्कास,

धाकट्या रतनचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. दाजींनाही माझा नमस्कार सांग, जरा वाकून केला असं सांग. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायला हात आपोआप वळला होता, पण आज 'सगळे' म्हणता येत नाही, म्हणून तेवढं सोडून पुढं लिहितो. तुझा गुडघा कसा आहे? वालचंदनगरच्या क्वार्टरचा जिना तुला चढवत नाही असं मोना सांगत होती. माझी लेक तुझ्याकडं राहून कॉलेज शिकते, तुझ्या हातचं खाते आणि इथं येऊन आमच्या स्वयंपाकाला नावं ठेवते, त्याबद्दलही आभार मानायचे राहिले होते. ती आज इथंच आहे, हे पत्र तिच्याच हाती देतोय, रात्रीपर्यंत तुला पोचेल. फोन करत नाही, कारण फोनवर तू मला तिसरं वाक्य बोलू देत नाहीस आणि या प्रकरणात कामाचं वाक्य बरंच पुढं येतं. तर आधी बसून घे, गुडघा सरळ कर. आपल्या आप्पांची तब्येत उत्तम आहे. ते बारामतीच्या सब-जेलमध्ये आहेत.

आता रडू नकोस, वाच. गेल्या शुक्रवारी मी पेरू घेऊन इंदापूरच्या बाजारात गेलो होतो. दुपारी परत आलो तर आप्पा घरी नाहीत. तुझी भावजय कौसल्या खुरपायला रानात गेलेली, त्यामुळं शेजारच्या छबूबाईला विचारलं. ती म्हणाली, दोन माणसं मोटारसायकलवर आली, आप्पांनी त्यांना पाणी दिलं, स्वतः भाकरी खाल्ली, पटका बांधला आणि दोघांच्या मधे बसून गेले. यावरून मी असा निष्कर्ष काढला, की मोरगावकडचे कुणी पाहुणे शेळ्या बघायला त्यांना घेऊन गेले असणार. (निष्कर्ष काढण्यात मी लहानपणापासून चपळ आहे, हे तुला ठाऊकच आहे.) मग मी पंखा लावून झोपलो. झोपेत एका अनोळखी नंबरवरून तीनदा फोन आला. आजकाल कर्ज देणाऱ्या कंपन्या असा छळ मांडतात, म्हणून मी तिन्ही वेळा कापला. चौथ्यांदा उचलला आणि समोरच्याला तोंड उघडू न देता सांगितलं, की आम्हाला काही नको, आमच्या घरात सगळं आहे, पुन्हा फोन केलास तर पोलिसात देईन. नंबर ब्लॉकही करून टाकला. अक्का, तो पोलिसांचाच फोन होता. बिचारा हवालदार नियमाप्रमाणं घरी कळवत होता, की तुमचे वडील आमच्याकडं आहेत, सकाळी कोर्टापुढं उभे करणार, वकील आणि जामीनदार घेऊन या. मी त्यालाच पोलिसात देणार होतो.

रात्री आप्पा आले नाहीत, तरी पाहुण्यांनी मुक्काम करायला लावला असेल म्हणून मी गप्प होतो. कौसल्या मात्र जागी होती. शनिवारी सकाळी तिनं छबूबाईला पुन्हा विचारलं, ती माणसं दिसायला कशी होती, आणि छबूबाईनं शांतपणे सांगितलं, की एकाच्या पायात पोलिसाचे बूट होते. काल का नाही सांगितलंस म्हटल्यावर ती म्हणाली, तुमी बुटाचं इचारलंच न्हाय.

मग मी पांढरे कपडे घातले. पाच वर्षं ग्रामपंचायतीचा सदस्य होतो, कुठल्या कचेरीत कसं बोलायचं मला शिकवायला नको, असं कौसल्येला ऐकवलं आणि गाडी इंदापूरला हाणली. तिथल्या पोलीस ठाण्यातला अंमलदार वयानं माझ्या मोनापेक्षा थोडा मोठा असेल. त्यानं रजिस्टर पाहिलं आणि असं कुणी इथं आणलेलं नाही म्हणाला. त्यावर मी त्याला नागरिकाचे हक्क या विषयावर अर्धा तास समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मला चहा मागवला आणि मग हळूच विचारलं, काका, केस काय आहे? ते मला माहीत नव्हतं. मग त्यानंच चार ठिकाणी फोन लावून शोधून काढलं. नऊ वर्षांपूर्वी पाणी सुटावं म्हणून कॅनॉलच्या पुलावर लोकांनी रस्ता अडवला होता बघ, तीच ही केस. त्यात आप्पांचा सहभाग एवढाच, की ते नेमके त्या वेळी शेळ्या घेऊन पुलावर आले. खरा रस्ता शेळ्यांनीच अडवला. पोलीस नावं लिहायला लागल्यावर निम्म्या लोकांनी दुसऱ्यांची नावं सांगितली आणि आप्पांनी स्वतःचं सांगितलं, वडिलांच्या नावासकट. आता त्यात कोर्टाचं बोलावणं निघालं होतं म्हणे, त्या तारखेला बाकीचे हजर राहिले, आप्पा राहिले नाहीत, म्हणून वॉरंट. (कागद असे कुठंतरी गहाळ होतात, त्यावर आत्ता शाई घालवत नाही.) शेवटी अंमलदार म्हणाला, काका, तुमचं घर इंदापूर तालुक्यात आहे, पण तो पूल बारामती तालुक्यात येतो. तुम्ही उलटीकडं आलात.

तर मी परत निघालो. वाटेत आपल्याच घरावरून जावं लागलं आणि कौसल्या अंगणातच उभी होती. मी थांबलो नाही, नुसता हॉर्न वाजवला, जणू काही सगळं ठरवल्याप्रमाणं चाललंय. बारामतीला पोचलो तेव्हा आप्पांना कोर्टापुढं उभं करून जेलमध्ये नेलं होतं. जवळ वकील नाही, जामीनदार नाही, घरचं कुणी नाही. म्हातारा माणूस पाहून दोघंतिघं वकील चौकशी करत होते म्हणे, पण घरचं माणूसच नाही म्हटल्यावर ते तरी काय करणार. मी फोन नीट उचलला असता तर आप्पा शनिवारी दुपारी घरी जेवले असते. हे वाक्य मी चार दिवस मनात म्हणतोय, आज पहिल्यांदा लिहिलं.

तिथंच योगिनीताई नावाच्या वकील भेटल्या. तरुण आहेत, पण डोकं थंड. त्यांनी वकीलपत्र केलं आणि म्हणाल्या, जामिनाचा अर्ज सोमवारी देऊ, तोवर तुम्ही जामीनदार म्हणून स्वतःचा सातबारा काढून ठेवा. मी मोठ्या ऐटीत तलाठ्याकडं गेलो. अक्का, माझं वय एकोणपन्नास, आणि सरकारदरबारी माझ्या नावावर एक गुंठासुद्धा नाही. जमीन आप्पांच्या नावावर, विहीर आप्पांच्या नावावर, घर आप्पांच्या नावावर. ज्या गाडीवरून मी त्यांना शोधत हिंडलो तीसुद्धा त्यांच्या नावावर. गावात मला रतनशेठ म्हणतात ते कशाच्या जोरावर, याचा मी त्या दिवशी तलाठ्याच्या बाकावर बसून बराच विचार केला.

सोमवारी मुलाकतीला गेलो, मी आणि कौसल्या. आप्पांच्या प्रेशरच्या गोळ्या चुकल्या असतील ही मला मोठी धास्ती, म्हणून सकाळी फळीवरची औषधाची पिशवी उचलून नेली. गेटवरच्या शिपायानं पिशवीतली बाटली काढली, चष्मा लावून वाचली आणि विचारलं, तुमच्या वडलांना जंत झालेत का? ती शेळ्यांची बाटली होती. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, आत डॉक्टर येऊन गेले, आजोबांना त्यांची गोळी चालू आहे, प्रेशर एकदम नीट आहे. मग माझ्याकडं बघून, तुम्ही जरा सावलीला बसा म्हणाला. (नंतर गावात मोजलं. माझं एकशे सत्तर निघालं.) पुढची अडचण अशी झाली, की भेटायला कोण येणार त्यांची नावं आतल्या माणसानं द्यायची असतात. आप्पांनी एकच नाव दिलं होतं, कौसल्येचं. शिपाई आत जाऊन विचारून आला, मुलगा पण आलाय, सोडू का? आप्पा म्हणाले म्हणे, आला असंल तर सोडा, उन्हाचा आलाय.

जाळीच्या पलीकडं आप्पा उभे होते. पटका नव्हता, तेवढं बघवलं नाही. मी घरून भाषण तयार करून नेलं होतं, धीर धरा, कायदा आपल्या बाजूनं आहे, असं. ते सगळं बाजूला राहिलं. शेवटी विचारलं, त्रास देतात का हो कुणी?

"न्हाय. बरी हायती माणसं. सांच्याला मोजून आत घेत्यात. एकदा न्हाय, दोनदा मोजत्यात."

चाळीस वर्षं मेंढरं मोजून वाड्यात घातलेला माणूस तो. त्याला जेलमधलं हेच आवडलं. आदल्या संध्याकाळी शिपायाची मोजणी एकानं चुकली तेव्हा आप्पांनीच त्याला आठवण करून दिली, की एक जण पाण्याला गेलाय. झोप लागते का विचारल्यावर मात्र त्यांनी वर पाहिलं.

"वर छप्पर हाय. चांदण्या दिसत न्हाईत. येवढंच."

मग त्यांनी कौसल्येला विचारलं, काळी शेळी व्याली का. ती म्हणाली, रविवारी व्याली, दोन पाटी, दोन्ही माद्याच. मला ते माहीतच नव्हतं, मी शनिवारपासून गोठ्यात पाऊल ठेवलं नव्हतं. आप्पांनी मान हलवली आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडं पाहिलं.

"तू जेवतोस का येळंवर?"

मी रुमाल काढला. त्या भागात धूळ फार आहे.

आज मंगळवार. दुपारी जामीन मंजूर झाला. योगिनीताईंनी वय सांगितलं, तब्येत सांगितली, शेळ्यांचंही सांगितलं, आणि साहेबांनी ऐकून घेतलं. एक लायक जामीनदार उभा राहिला की आप्पा त्याच दिवशी बाहेर. बाकी ठीक. गुडघ्याला तेल चोळत जा. मोनाला काही विचारू नकोस, तिला रडू आवरत नाही.

तुझा धाकटा,
रतन

ता.क. दाजींच्या पगाराची ताजी पावती, कंपनीचं ओळखपत्र, आधार कार्ड आणि दोन फोटो एवढं लागेल, आणि ते सगळं घेऊन स्वतः दाजी, उद्या अकरा वाजता, बारामतीच्या कोर्टात. नोकरदाराचा जामीन लगेच धरतात म्हणे. गेल्या दिवाळीत मी तुझ्या घरी, तुझ्याच ताटावर बसून दाजींना म्हणालो होतो, की पगारदार माणसाला समाजात काय किंमत, माणूस ओळखावा तो जमिनीवरून. ते मी मागं घेतो. पाहिजे तर उद्या कोर्टाच्या आवारात, चार लोकांसमोर मागं घेतो.

ता.क. दोन. हा कागद वेगळा ठेवलाय, दाजींना देऊ नकोस. कोर्टाचं बोलावणं गहाळ झालं नव्हतं. ते माझ्या हातात आलं होतं, मी सही करून घेतलं, पेरूच्या बिलांत ठेवलं आणि विसरलो. कौसल्येलाही सांगितलेलं नाही. शनिवारी कोर्टानं आप्पांना तो कागद दाखवला, त्यावर माझी सही. आप्पा म्हणाले, पोरानं त्याच दिवशी मला दिला हुता, मीच इसारलो, वय झालं. अक्का, कोणतं मेंढरू कोणत्या साली कुठल्या घाटात व्यालं ते सांगणारा हा माणूस. मला हे त्यांनी नाही सांगितलं, आज योगिनीताईंकडून कळलं. मी म्हटलं, मी जाऊन खरं सांगतो. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही खरं सांगितलंत तर कोर्टापुढं आप्पा खोटे पडतील. त्यांनी तुमच्यासाठी एवढं केलंय, तुम्ही नुसते गप्प बसा. मी त्यांना बसतो म्हणालो. दुपारपासून बसलोय, आणि आता बसवेना, म्हणून तुला हे पत्र लिहिलं.